साक्षीदाराची पिन

फाइलकाकांना कुणी सहज भेटायला गेलंय, असं त्यांच्या कंपनीत कधी कुणी पाहिलं नाही. लोक त्यांच्याकडे जायचे ते फाइल हरवली की. धापा टाकत, "काका, मेलो, वाचवा!" करत. काका चष्मा कपाळावर सरकवायचे, चार बटणं दाबायचे, काल पुसलेली फाइल आज परत आणून द्यायचे. मग तो माणूस "काका, देव आहात" म्हणून जो निघायचा, तो पुढची फाइल हरवेपर्यंत तोंड दाखवायचा नाही. देवाचंही असंच होत असेल म्हणा.

कंपनी नकाशे काढणारी होती. पूल, इमारती, पाण्याच्या टाक्या. शहराच्या दोन टोकांना तिची दोन ऑफिसं, आणि दोन्हीकडची माणसं एकाच नकाशावर काम करणार. हे नकाशे सांभाळणं हे काकांचं काम. त्यांनी दोन्हीकडे कपाटाएवढे सर्व्हर उभे केले होते. काम करणाऱ्याला वाटावं, एकच मोठं कोठार आहे. प्रत्यक्षात प्रत्येक फाइल दोन्ही कपाटांत. इकडे कुणी रेघ मारली की तिकडेही ती उमटलीच पाहिजे. एक कपाट जळो, बुडो, नाहीतर उंदरांच्या पोटात जावो, दुसऱ्यावर काम चालू. याला क्लस्टर म्हणतात. काका हा शब्द इतक्या मायेने उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा नातवाचं कौतुक करतोय. नातू कुठला? काकांनी लग्नच केलं नव्हतं.

ही दोन कपाटं एकमेकांना सारखी विचारत असतात. "आहेस का?" "आहे." "आहेस का?" "आहे." आता समजा, मधली लाइनच तुटली. दोघंही ठणठणीत, पण प्रत्येकाला वाटतं, समोरचा गेला. मग दोघंही मालक होऊन बसतात, आपापलं लिहीत सुटतात, आणि एका पुलाचे दोन पूल होतात. नंतर लाइन जोडली तरी ते दोन पूल काही एक होत नाहीत. काकांनी तरुणपणी हा घोळ एका दुसऱ्या कंपनीत डोळ्यांनी पाहिला होता. त्याची धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून तिसरा लागतो. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिच्यात एकही फाइल नसते. तिने फक्त दोघांकडे लक्ष ठेवायचं, आणि वेळ आली की कोण मालक ते सांगायचं. त्या पेटीला साक्षीदार म्हणतात. अट एकच, की ती दोन्ही ऑफिसांत ठेवायची नाही. जागा तिसरी, वीज तिसरी, लाइनही तिसरी.

"एका डब्यासाठी मी तिसरी जागा घेऊ?" तेव्हाचे साहेब म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"माझ्या बहिणीचं घर मधोमध पडतं," काका म्हणाले.

"घरात लुडबुड करणारं कुणी?"

"बहीण एकटीच असते. ती लुडबुड करत नाही, हुकूम सोडते."

साहेब हसले आणि कागदावर सही केली. अशी ती पेटी ताईच्या घरी आली.

ताई काकांपेक्षा चांगली थोरली. आई लवकर गेली, तेव्हा काकांची वेणीफणी, म्हणजे भांग आणि बुटांच्या नाड्या, ताईनेच केली. पुढे ताईचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन विमानाने जावं लागेल इतक्या लांब गेली, नवराही गेला, आणि ताई दोन खोल्यांच्या घरात एकटी उरली. भाऊ त्याच शहरात, पण तो शहराच्या एका टोकाला. तिथे त्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसायचा आणि दुसरीवर धुतलेले कपडे.

मग भेटायचं ना एकमेकांना? तुम्ही म्हणाल तसं कुणीही म्हणेल. पण ही दोघं एकाच आईची लेकरं, आणि दोघांच्याही नाना तऱ्हा. जीव गेला तरी ताई कुणाला "ये" म्हणायची नाही. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीये?" आणि काका कामाशिवाय कुणाच्या दारात उभे राहायचे नाहीत. सख्ख्या बहिणीच्याही नाही.

एकदा, फक्त एकदा, ते तसेच गेले होते. पेटी येऊन थोडेच दिवस झाले होते. ताईने ओल्या हातांनी दार उघडलं, आत पेटीवरचा हिरवा दिवा पाहिला आणि थट्टेनं म्हणाली, "काय रे, काय बिघडलंय? इथे तर सगळं चालू आहे."

थट्टाच ती. पण काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "काही नाही, इकडून चाललो होतो," असं काहीतरी पुटपुटून ते बसलेसुद्धा नाहीत, आल्या पावली परत गेले. आता, इकडून कुठे चालला होता हा माणूस? त्याचं घर कुठे, हे कुठे! ताई ओले हात तसेच धरून दारात उभी राहिली. तिला नंतर किती दिवस त्याचं वाईट वाटत होतं. पण बोलेल तर ती ताई कसली.

त्यानंतर काही आठवड्यांनी केर काढताना ताईचा पाय वायरीत अडकला आणि पेटीची पिन निघाली. तिकडे काकांच्या फोनवर निरोप आला, "साक्षीदार सापडत नाही." दोन्ही कपाटं सुरू होती, कुणाचं काही अडलं नव्हतं. तरीपण काका जेवण अर्धवट टाकून निघाले.

"अरे, एवढ्यासाठी पळत आलास?" ताई म्हणाली. "मला सांगायचंस, मीच लावली असती."

"असं चालत नाही. तपासावं लागतं."

त्यांनी पिन लावली, दिवा हिरवा झाला. मग तपासायचं म्हणून जरा वेळ बसले. ताईने चहा टाकला. मग जेवूनच जा म्हणाली. काका जेवले, पंख्याचं सैल झालेलं पातं घट्ट केलं, ताईच्या मुलीबद्दल ऐकलं, वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईच्या मशीनचा खडखडाट ऐकला, आणि दिवेलागणीला उठले. दोघांचाही दिवस फार बरा गेला. पण कुणी तसं बोललं का? नाव नको.

पुढच्या महिन्यात पिन पुन्हा निघाली. मग पुन्हा. काका दर वेळी यायचे, गुडघे मोडून खाली बसायचे, पिन लावायचे.

"उंदीर असेल," ताई म्हणायची.

"उंदीरच," काका म्हणायचे.

उंदीर मोठा समजूतदार होता. तो पिन काढायचा ती नेमकी सुट्टीच्या दिवशी, सकाळी, भाजी चिरून झाल्यावर. काकांनी आयुष्यभर यंत्रं कशाने बंद पडतात हेच शोधलं होतं. त्यांना का कळणार नाही? पहिल्या दोन-तीन वेळांतच कळलं होतं. एकटे असताना त्यांना त्याचं हसू यायचं. माझी ताई मला बोलावते, असं ते मनात म्हणायचे. सुट्टीच्या सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन समोर ठेवून बसायचे. निरोप आला की, "छे, काय कटकट आहे!" असं मोठ्याने म्हणायचे. ऐकायला खोलीत कोण होतं? कुणी नाही. तरी म्हणायचे.

एकदा मात्र हे अंगाशी आलं. घाईच्या कामामुळे सुट्टीच्या दिवशीही दोन्ही ऑफिसं चालू होती. रस्त्यात खड्डा खणताना कुणीतरी दोन ऑफिसांमधली लाइन तोडली, आणि त्याच वेळी ताईकडची पिन निघालेली. साक्षीदार जागेवर नाही. दोन्ही कपाटांनी शहाण्यासारखे हात वर केले आणि कामच थांबवलं. कंपनी अर्धा दिवस ठप्प. साहेबांनी सगळ्यांदेखत काकांची बिनपाण्याने केली. "ती पेटी बंद का होती?" काकांनी मान खाली घालून सांगितलं, "माझ्याकडून राहिलं." बहिणीचं नाव त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. ताईलाही त्यातलं काही कळू दिलं नाही.

साहेबांनी हुकूम दिला, त्या पेटीला बॅटरी लावा, म्हणजे वीज गेली तरी चालू राहील. काका बॅटरीचं ओझं घेऊन ताईकडे गेले.

"हे काय?"

"बॅटरी. आता पिन निघाली तरी पेटी बंद पडणार नाही."

ताईच्या हातातला चमचा थांबला. "म्हणजे निघाली तरी तुला कळणार नाही?"

"नाही."

"म्हणजे... उंदराने काढली तर, असं म्हणतेय मी."

"हो. उंदराने काढली तरी."

"बरं," ताई म्हणाली, आणि भांड्यात उगाच ढवळत राहिली. तिच्याकडे पाठ करून काका बराच वेळ बॅटरीशी खुडबुड करत होते. मग उठले, अंग झटकलं आणि म्हणाले, "हिचं माप जुळत नाही. परत न्यावी लागेल."

"नाही जुळत?"

"छे. कुणी घेतली कोण जाणे."

त्यांनीच घेतली होती. ती त्यांनी आपल्या खोलीवर नेली आणि कपड्यांच्या खुर्चीखाली सरकवून दिली. साहेबांना सांगितलं, लावली. आख्ख्या नोकरीत काका स्वतःसाठी एवढं एकच खोटं बोलले, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, आणि नव्या मॅनेजरबाई आल्या. वयाने लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, "काका, ही कपाटं आता नकोत. सगळ्या फाइली भाड्याच्या कोठारात ठेवू. ते कुठे आहे, हे आपल्याला कळायचीही गरज नाही."

कळायचीही गरज नाही! काकांना प्रत्येक फाइल कुठल्या कपाटात कुठल्या खणात आहे, हे ठाऊक असायचं. पण ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एकेक नकाशा तपासून तिकडे धाडला. सगळं सुखरूप पोचलं. मग एका दुपारी क्लस्टर मोडायला बसले. एक कपाट काढलं. दुसरं काढलं. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, साक्षीदार काढायचा, खात्री आहे? काकांनी हात मागे घेतला. जाऊन पाणी पिऊन आले. परत बसले आणि "हो" दाबलं. निरोप पाठवणारी सोय त्याच्यामागोमाग त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली.

"तुमच्या बहिणीकडची ती पेटी राहिली ना?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"आणतो."

"कशाला? टाकून द्या. भंगारवालाही घेणार नाही."

त्या रविवारी काका पेटी आणायला आणि खरं काय ते सांगायला गेले. न बोलावता जायचं, म्हणून वाटेत त्यांनी दहा वेळा वाक्य जुळवलं. ताई, आता पेटीचं काम संपलं, पण मी येत जाईन. सोपं वाक्य. पाठ झालं होतं.

दार उघडं होतं. ताईने पेटीखाली नवं भरतकामाचं कापड घातलं होतं आणि वरची शिवणकामवाली बाई ते बघायला आली होती. ताई तिला सांगत होती, "दिसायला एवढीशी आहे, पण हिच्यावर अख्खी कंपनी उभी आहे. ही बंद पडली ना, की तिकडे भावाला आपोआप कळतं. जेवत असला तरी उठून येतो." मग काकांना पाहून म्हणाली, "अरे! आज काय? आज तर चालू आहे."

काकांचं पाठ केलेलं वाक्य वाटेतच राहिलं. "नेहमीची तपासणी," ते म्हणाले. पेटीवर बोट फिरवलं. वीज होती, लाइन होती, हिरवा दिवा लुकलुकत होता; फक्त पलीकडे तिला विचारणारं कुणी नव्हतं. "छान चाललीये," ते म्हणाले आणि चहा पिऊन निघाले.

आणि मग काकांनी तो मूर्खपणा केला, जो तीस वर्षं यंत्रं राखणारा माणूसच करू शकतो. त्या धंद्यात निरोप आला नाही याचा अर्थ सगळं ठीक. हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. सुट्टीच्या सकाळी ते दाढी करून फोन समोर ठेवून बसायचे. फोन गप्प. ताई बरी आहे, असं मनात यायचं आणि जीव निवांत व्हायचा. मग आठवायचं, अरे गाढवा, निरोप येणारच नाही, तूच तर बंद केलास! पण तोवर जीव निवांत होऊन गेलेला असायचा. मग वाटायचं, जावं का? बूट घालायचे. दारात गेल्यावर ती विचारेल, काय बिघडलंय? बूट काढायचे. किती रविवार त्यांनी असे बूट घालण्या-काढण्यात घालवले, ते त्यांनाच माहीत.

ऑफिसातही आता त्यांच्याकडे कुणी धावत येत नव्हतं. पुसलेली फाइल एक बटण दाबलं की ज्याची त्यालाच परत मिळत होती. काका खुर्चीत बसून पडद्यावरचे हिरवे ठिपके बघायचे. डबा खाताना आधी दहा वेळा उठावं लागायचं. आता डबा शेवटच्या घासापर्यंत निवांत खाता यायचा आणि तो घास काही केल्या उतरायचा नाही. काही दिवस असे जात, की "या" आणि "बसा" हे शब्दसुद्धा त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलेले नसत.

मधे एकदा त्यांनी ताईला फोन केला.

"बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीये?" ताई म्हणाली. मग जरा थांबून, "कंपनी बरी चाललीये ना रे?"

"हो, जोरात."

"काही बंदबिंद पडलं नाही?"

"नाही गं. सगळं चालू आहे."

पलीकडून काहीच आलं नाही. लाइन तुटली की काय, म्हणून काकांनी फोन कानापासून काढून बघितला. तुटली नव्हती.

"बरं," ताई म्हणाली. "चालू आहे ना. मग बरं."

फोन ठेवल्यावर काकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. पण काय चुकलं, ते काही लक्षात येईना.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ऑफिसात त्यांना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली होती. "भाऊ, माफ करा हं. तुमच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे ना, बंद पडल्यास या नंबरावर कळवा, म्हणून कळवते. तुमची पेटी बंद आहे. बरेच दिवस झाले. मी ताईंना म्हटलं, पिन निघालीये, लावू का? तर माझ्या अंगावर ओरडल्या. म्हणाल्या, हात लावू नकोस, तो येईल, त्याला आपोआप कळतं. पण तुम्ही आला नाहीत. आणि भाऊ, आजकाल त्या जिन्यावर चाचपडत चालतात."

काकांना खुर्ची कधी मागे पडली ते कळलं नाही. मॅनेजरबाईंना न विचारता हा माणूस ऑफिसातून पळत बाहेर पडला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.

ताई खिडकीपाशी बसली होती. पिनेची वायर तिच्या खुर्चीच्या हाताला गुंडाळलेली. पावलं ऐकून तिने सगळा चेहरा वळवला, नुसते डोळे नाही, पूर्ण मान, आणि उजवा डोळा भावावर रोखला.

"आलास," ती म्हणाली.

"ताई, काय झालं?"

"काही नाही. डाव्या डोळ्यापुढे आधी चमकायला लागलं. मग एका बाजूने काळा पडदा खाली आला. आता सगळाच खाली आलाय. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"कधीपासून?"

ताईने वायरीकडे बोट केलं. "ही काढली तेव्हापासून."

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताईच्या डोळ्यात थेंब घातले, दिवा लावून बराच वेळ पाहिलं, मग काकांना बाजूला घेतलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. "काळं दिसायला लागलं तेव्हा लगेच आणायला हवं होतं. ऑपरेशन करून बसवता आला असता. आता या डोळ्याची आशा धरू नका. इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

काकांनी मान हलवली.

बाहेरच्या बाकावर ताई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. काका शेजारी बसले. समोर लोक येत-जात होते.

"गेला ना?" ताई म्हणाली. "मला कळलंय. मी काय लहान आहे?"

"ताई, तू फोन का नाही केलास गं? एक फोन!"

"तू केलास ना. मी विचारलं तुला, काही बंद पडलंय का? तू म्हणालास, सगळं चालू आहे." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पिन माझ्या हातात होती तेव्हा. मला एवढंच सांग. तुला कळलं होतं आणि तू आला नाहीस, की तुला कळलंच नाही?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. काकांनी सगळं सांगितलं. कपाटं काढली, साक्षीदार काढला, निरोप बंद केला, सगळं मीच. पेटी कशालाच जोडलेली नाही. मी तुला सांगायला आलो होतो आणि मला सांगता आलं नाही. सांगता सांगता ते रडायला लागले, भर दवाखान्यात, एवढा साठीला टेकलेला माणूस. "तुझा डोळा माझ्यामुळे गेला," ते म्हणाले.

ताईने सगळं ऐकलं. मग मोठा श्वास सोडला आणि बाकाला पाठ टेकली.

"कळलंच नव्हतं तर," ती म्हणाली. "मग ठीक आहे. मला वाटलं, कळून आला नाहीस."

काकांनी तोंड ओंजळीत झाकलं.

"पूस डोळे. लोक बघतायत," ताई म्हणाली. आणि जरा वेळाने, "तुमच्याकडे एक गेलं तरी दुसऱ्यावर चालतं ना?"

"चालतं. पण त्याला एकट्याला सोडत नाहीत."

ताईने पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली.

त्या रात्री काका ताईकडेच राहिले. सकाळी ऑफिसला गेले, मॅनेजरबाईंचं बोलणं मुकाट्याने ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी स्वतःच्या खोलीवर न जाता पुन्हा ताईच्या दाराशी आले. बेल वाजवली. आतून चाचपडत येणारी पावलं ऐकू आली. वाटेत कशाला तरी धक्का लागला, काहीतरी पडलं. दार उघडलं. ताईने मान पूर्ण वळवून त्यांना पाहिलं, आणि सवयीनेच तिच्या तोंडून निघालं, "काय रे? काय बिघडलंय?"

काकांचे पाय, खोटं कशाला बोला, एक पायरी मागे गेलेच. कोपऱ्यात पेटीवरचा दिवा विझलेला होता. वायर अजून खुर्चीलाच गुंडाळलेली होती.

"काही बिघडलं नाही," ते म्हणाले. "तुला भेटायला आलोय."

ताई दार धरून तशीच उभी राहिली. मग बाजूला झाली.

"मग बूट काढ ना," ती म्हणाली. "दारात काय उभा राहिलायस?"